दुधाच्या पातेल्यातले गियर

फोन गजाननचा होता. सकाळचे पावणेबारा वाजले होते, मी नुकता कुकर उतरवला होता. "वहिनी, रिक्षा करून गाळ्यावर या," तो म्हणाला आणि थांबला. "घाई नका करू. आता घाईचं काय नाय ऱ्हायलं." आमच्या घरापासून सातिवलीला रिक्षाने अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात मी गॅस बंद केला की नाही याचाच विचार करत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. गजाननच्या गाळ्यात तुमचे आजोबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले होते, मान एका बाजूला कललेली, पायाशी अर्धा कप चहा. ज्या माणसाने आयुष्यभर प्लॅस्टिकला शिव्या घातल्या तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत गेला. "माझ्या मशीनला नावं ठेवत होते, वहिनी," गजानन सांगत होता. "'गज्या, तुझं मशीन तंबाखू खाल्ल्यासारखं थुंकतंय,' असं बोल्ले. मी हसलो. कपात पानी ओतायला वळलो आनि परत बघतो तर..." तो रडत होता, त्याचे दोन कामगार रडत होते. मी खुर्चीपाशी उभी राहिले आणि त्यांच्या शर्टाचं उघडं राहिलेलं बटण लावलं.

याला सहा आठवडे झाले. तेरा दिवस घरात माणसं येत होती आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, रागीट होते पण मनाने निर्मळ. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या दाखल्यावर वर्तणुकीपुढे 'चांगली' असं लिहायची पद्धत असते, खिडक्या फोडणाऱ्याच्याही. तसला दाखला मला तुमच्या आजोबांना द्यायचा नाही. ईशान, मीरा, तुम्ही दोघांनी फोनवर मला विचारलंत, आजोबा चांगले होते का. मी म्हटलं, आधी जेवून घ्या, मग बोलू. तुमचे बाबा त्यांच्या शेवटच्या कार्याला का आले नाहीत, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तेही तुम्हाला कळायला हवं. तुम्ही टोरांटोत का जन्मलात, वसईत का नाही, हेसुद्धा. ते सगळं एका गियरपाशी येऊन थांबतं. हे पेपरच्या पुरवणीत छापून येईल, म्हणजे तुमच्याआधी आमच्या बिल्डिंगमधले लोक वाचतील. वाचू देत. तुम्हाला मराठी सावकाश वाचावं लागतं, म्हणून वाक्यं सरळ ठेवली आहेत.

तुमचे आजोबा रत्नागिरीकडचे. आयटीआय करून मुंबईत आले, गिरण्यांच्या यंत्रांचे गियर कापणाऱ्या कारखान्यात लागले, आणि पुढे सातिवलीला स्वतःचा छोटा गाळा घेतला. त्यांच्या हाताला मी आजही नावं ठेवणार नाही. डोळे मिटून ते गियरच्या दात्यांवरून अंगठा फिरवत आणि कुठला दाता केसभर चुकलाय ते सांगत. त्याच अंगठ्याने ते माणसंही तपासायचे. कोणाचा कुठला दाता कच्चा आहे हे त्यांना पहिल्या भेटीत कळायचं आणि मग तिथेच ते दाबायचे. गिऱ्हाइकांसमोर मला 'इंग्लिश मॅडम' म्हणायचे. "मॅडम, चहाला इंग्लिशमध्ये काय म्हणतात? मग तो करा." मीही काही साधी नव्हते. त्यांनी एका कंपनीला लिहिलेलं इंग्रजी पत्र मी एकदा लाल शाईने तपासलं, दहापैकी तीन गुण दिले आणि ते त्यांच्या टेबलावर तसंच उघडं ठेवलं. ते त्यांच्या कामगारांनी पाहिलं. ते पत्र त्यांनी फाडलं नाही, घडी करून पाकिटात ठेवलं. मला टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस त्यांनी मऊ भात कालवून स्वतःच्या हाताने भरवला, आणि प्रत्येक घासाआधी म्हणायचे, "मॅडम, टायफॉइडचं स्पेलिंग सांगा, मग तोंड उघडा." त्यांनी केलेलं प्रेम मला असंच आठवतं, दोन्ही एकत्र.

तुमचे बाबा, म्हणजे अजित, पंधरा वर्षांचा असताना मस्कतहून त्याची आत्या आली. तिने त्याच्यासाठी रिमोटवर चालणारा ट्रक आणला होता, हातभर लांब, लाल, जाड टायरांचा. तो आठ दिवस गच्चीत आणि रस्त्यावर पळाला आणि नवव्या दिवशी थांबला. मोटर गुणगुणत होती, चाकं ढिम्म. तुमच्या आजोबांनी तो उघडला आणि आतला पांढरा प्लॅस्टिकचा गियर चिमटीत धरून दाखवला. त्याचे अर्धे दाते झडले होते. "बघ, साबणाची वडी," ते म्हणाले. मग त्यांनी गाळ्यावर नेऊन तसाच गियर पितळेत कापला, चार आण्याच्या नाण्याएवढा. त्यासाठी त्यांना दोन शुक्रवार लागले. शुक्रवारी सातिवलीत वीज नसायची, यंत्रं बंद, म्हणून ते दोघे दारातल्या उजेडात बसून कानशीने एकेक दाता घासत होते. मी डबा घेऊन गेले तेव्हा दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती. बापलेक इतके जवळ बसलेले मी पुन्हा पाहिले नाहीत.

पितळी गियर बसला आणि ट्रक मिक्सरसारखा ओरडत पळू लागला. दगडांवर चढायचा, पायरीला धडका द्यायचा, काही व्हायचं नाही. एका रविवारी आम्ही भुईगावच्या समुद्रकाठी गेलो. तिथे ओल्या वाळूत त्याची चाकं रुतली. अजित बटण दाबत राहिला. चाकं फिरेनात, गियर तुटेना, आणि शेवटी आतून धूर आला. मोटर जळाली होती. परत येताना अजित म्हणाला, "बाबा, पहिला गियर त्यांनी मुद्दामच कच्चा ठेवला असेल. चाक अडकलं की तो तुटायचा आणि मोटर वाचायची. पितळ तुटलं नाही, म्हणून मोटर गेली." पंधरा वर्षांच्या मुलाने हे स्वतःच्या डोक्याने काढलं होतं आणि ते बरोबर होतं. मला इतका अभिमान वाटला की मी नवऱ्याकडे पाहिलं. ते समोर बघत स्कूटर चालवत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अजितला शाळेतून परस्पर गाळ्यावर बोलावून घेतलं. डबा द्यायला मीही तिथेच होते. टेबलाला लोखंडी वाइस बसवलेला होता, वस्तू आवळून धरायचा. त्याच्या दोन जबड्यांत त्यांनी तो लाल ट्रक ठेवला आणि दांडा फिरवायला लागले. सावकाश, एकेक पाऊण फेरी. आधी टप तडकला, मग खिडक्या, मग चाकं आत आली. "कच्चं चांगलं, नाही का?" ते विचारत होते. "मग आता सांग, यात काय वाचलं?" अजितने नजर खाली केली की ते थांबायचे, त्याने वर पाहिलं की पुन्हा फिरवायचे. मी डब्याचं झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं. मधे पडले नाही. आता लिहिताना दिसतं की मी कधीच मधे पडले नाही, फक्त डबा घेऊन उभी असायचे.

अजितने पुढे प्लॅस्टिकचाच डिप्लोमा केला. "कचऱ्याचा इंजिनिअर," असं त्याचे वडील पाहुण्यांना सांगत. तो एका कंपनीत लागला आणि उरलेल्या वेळात गजाननच्या गाळ्यावर जाऊ लागला. गजानन पाटील म्हणजे नायगावच्या खाडीकडचा माणूस. घरची भातशेती बिल्डरला गेली तेव्हा त्याने प्लॅस्टिकचे भाग काढायचं मशीन घेतलं आणि आमच्या शेजारचा गाळा घेतला. शिक्षण आठवीपर्यंत, पण कानाने मशीन चालवायचा. तुमचे आजोबा त्याला येताजाता टोचत. "गज्या, बाप भात काढायचा, तू टमरेलं काढ." गजानन हसायचा. "टमरेल बी लागतंच की, भाऊ. पितळी टमरेल कोन परसाकडं नेतो सांगा." त्यांचं टोचणं त्याला कधी लागलं नाही, कारण त्याच्या लागण्यासारख्या जागा त्यांना सापडतच नव्हत्या. सापडायच्या त्या अजितच्या.

नव्वदीच्या अखेरीस मुंबईचा एक खेळण्यांचा व्यापारी आमच्या गल्लीत आला. बाहेरून आणलेले रिमोटचे ट्रक तो विकायचा आणि त्यांचे गियर भराभर तुटून तक्रारी येत होत्या. त्याला इथेच कोणाकडून तरी टिकाऊ गियर करून हवे होते, वर्षभर, सतत. तुमच्या आजोबांनी पितळेचा भाव सांगितला. गजानन आणि अजितने नायलॉनचा सांगितला. व्यापारी हुशार. तो म्हणाला, मी दोन ट्रक देतो, एकात हा लावा, एकात तो, समोरासमोर पळवू, जो जास्त टिकेल त्याचं काम. दिवस ठरला शुक्रवार.

अजितने त्या आठवड्यात मला सगळं सांगितलं. काम मिळालं तर गजाननने त्याला भागीदार करायचं कबूल केलं होतं. मग नोकरी सोडायची, चंदनसारला एक जागा बघून ठेवली होती ती घ्यायची, इथेच राहायचं. नाही मिळालं तर डिप्लोमाचा मित्र टोरांटोला बोलावत होता, कागद भरून तयार होते. "आई, मला जायचं नाहीये," तो म्हणाला. "पण बाबांच्या गाळ्यात बसायचं असेल तर त्यापेक्षा मी जाईन." हे मी जेवताना तुमच्या आजोबांना सांगितलं. मला वाटलं, मुलगा लांब जाईल म्हटल्यावर ते मऊ होतील. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "तिकडे बर्फ असतो म्हणतात," ते म्हणाले. "प्लॅस्टिक तडकतं बर्फात."

आता पातेल्याचं. नायलॉनचा गियर साच्यातून निघतो तेव्हा कोरडाठाक असतो आणि पापडासारखा ठिसूळ. त्याला पाणी पाजावं लागतं. गरम पाण्यात तो बराच वेळ मुरला की चिवट होतो, मग धडका सोसतो. हे काम करणाऱ्यांना हे माहीत असतं, मला नव्हतं. गजाननच्या गाळ्यात तेव्हा शेगडी नव्हती, म्हणून गुरुवारी अजित बारा गियर घरी घेऊन आला. त्याने आमच्या घरातलं सर्वांत मोठं पातेलं घेतलं, ते दुधाचं होतं. पाणी उकळलं, गियर टाकले, वर ताटली झाकली आणि साडेअकराला दुसऱ्या पाळीला निघताना वडिलांना सांगून गेला की रात्रीपर्यंत याला हात लावू नका. मी शाळेतून सव्वाबाराला आले. दूध गॅसवर ठेवायला पातेलं बघते तर आत पांढरी चाकं.

"अहो, हे काय माझ्या दुधाच्या पातेल्यात?"

तुमचे आजोबा त्या दिवशी गाळ्यावर गेले नव्हते, पेपर वाचत होते. "तुझ्या चिरंजीवांची कलाकुसर. धुवायला टाकली होती. झाली धुऊन, काढ."

"त्याला पाण्यातच हवी असतील."

"मला सांगून गेलाय ना तो? नीट पुस आणि उन्हात ठेव. कोरडी होऊ देत कडकडीत."

मी ते बारा गियर स्वच्छ फडक्याने एकेक करून पुसले. दात्यांच्या फटींत पाणी राहू नये म्हणून फडक्याचं टोक पीळ देऊन आत फिरवलं. स्टीलच्या ताटात चार-चारच्या तीन ओळी लावल्या आणि खिडकीच्या उन्हात ठेवले. माझी कामाची पद्धत तुम्हाला माहीत आहे. रात्री आठला, अजित यायच्या जरा आधी, ते म्हणाले, "आता परत पाण्यात टाक. पाणी तापवून टाक. नाहीतर तुला बोलेल, माझ्या वस्तूंना का हात लावलास म्हणून. कशाला उगीच ऐकून घेतेस?" मी पाणी तापवलं आणि गियर टाकले. थोड्याच वेळात अजित आला आणि त्याने ते काढून घेतले. तेवीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला कोणाच्या बोलण्यापासून वाचवायचा प्रयत्न पहिल्यांदाच केला होता. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की रात्री मी त्यांच्या आवडीचं तिखट पिठलं केलं.

शुक्रवारी यंत्रं बंद, गल्लीत सामसूम होती. सगळे शेजारी गाळ्यांच्या पायऱ्यांवर येऊन बसले होते. दोन्ही ट्रकांच्या पाठीवर अर्धी अर्धी वीट बांधली. फाटकापासून खडीवरून यायचं, सिमेंटच्या पायरीला धडकायचं, मागे जायचं, पुन्हा यायचं. पितळेचा ट्रक किंचाळत होता. नायलॉनचा आवाजच करत नव्हता. "भाऊ, आमचा बघा मांजरावानी चाललाय," गजानन ओरडला. "तुमची म्हंजे वरात निगाली." लोक हसले, व्यापारी मान डोलवत होता, अजितच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच वर्षांनी हसू पाहिलं. मी डबा घेऊन फाटकाशी उभी होते. एक बॅटरी संपली, दुसरी लावली. आणि पायरीच्या एका धडकेला टक् असा आवाज झाला, चणा दाताखाली फुटतो तसा. अजितचा ट्रक थांबला.

त्याने खाली बसून तो उघडला. चार दाते गेले होते. त्याने दुसरा गियर बसवला. दोन धडका, टक्. तिसरा बसवला. त्याला काही उमजत नव्हतं. तो प्रत्येक गियर उजेडात धरून बघत होता, हाताने वाकवून बघत होता. तुमचे आजोबा कमरेवर हात ठेवून त्याच्या डोक्यावर उभे राहिले. "लाव, लाव. अजून नऊ आहेत. शेठ तोवर चहा घेतील." चौथा. "आठ उरले." पाचवा. अजितच्या हातातून स्क्रू खडीत पडला, तो शोधायला तो गुडघ्यांवर रांगला आणि लोक हसले, कारण तुमचे आजोबा हसत होते. गजानन म्हणाला, "भाऊ, पुरे आता. कळलं." पण त्यांना पुरं नव्हतं. "का रे अजित," त्यांनी मोठ्याने विचारलं, "पाणी नीट पाजलं नाहीस वाटतं? पोरं तहानलेली दिसतात तुझी." हे बोलताना ते अजितकडे बघत नव्हते. ते फाटकाकडे, माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दोन भागीदारांत असतं तसलं हसू होतं.

तेव्हा मला कळलं.

एक वाक्य पुरलं असतं. शेठ, थांबा, हे गियर मुरलेच नाहीत, काल मी ते वाळवले. व्यापारी समोर होता, ट्रक समोर होते, गजाननने आनंदाने सोमवारी पुन्हा खेळ मांडला असता. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, पण ते म्हणजे गल्लीतल्या पंचवीस माणसांसमोर नवऱ्याला लबाड म्हणणं होतं, आणि नंतर त्यांच्याबरोबर घरी जायचं होतं. मी पायरीवर बसले, डबा उघडला आणि वाढायला घेतलं. अजित जेवला नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी विचारलं. इतक्या हळू विचारलं की विचारलं असं म्हणायलाही लाज वाटते. ते चपला काढत होते. "मी कुठे हात लावला?" ते म्हणाले. "पातेलं तुझं, फडकं तुझं, ऊन देवाचं. जा, सांग त्याला. सांग, मी पुसले." मग पाकिटातून त्यांनी एक घडी काढली, उलगडून माझ्यापुढे धरली. माझ्या लाल शाईचं पत्र. "दहापैकी तीन," ते म्हणाले. "आज किती देशील?"

तीन महिन्यांनी अजित गेला. विमानतळावर मी एकटीच गेले होते. तुमच्या आजोबांना काम होतं, ट्रकांचे पितळी गियर कापायचे होते. आणि आता जे झालं ते ऐका, कारण ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. सहा महिन्यांत ते ट्रक पोत्यांत भरून परत येऊ लागले. गियर शाबूत, एकही दाता गेला नव्हता. पण मुलांचे ट्रक कपाटाखाली अडकतात, सोफ्याच्या पायाला धडकतात, आणि पोरं बटण सोडत नाहीत. गियर तुटत नव्हता, म्हणून मोटरी जळत होत्या. भुईगावच्या वाळूत पंधरा वर्षांच्या मुलाने जे सांगितलं होतं तेच, पोतंभर. व्यापारी तुमच्या आजोबांना काय बोलला ते मी इथे लिहीत नाही. तो शेजारच्या गाळ्यात गेला. गजाननने तोवर शेगडी घेतली होती आणि स्वतःचं पातेलंही. त्याचे गियर आजही जातात. तुटतात, लोक नवा बसवतात, ट्रक पळतो. आमचा गाळा चार वर्षांनी बंद झाला, यंत्रं भंगारात गेली. त्यानंतर तुमचे आजोबा रोज सकाळी गजाननकडे जाऊन बसू लागले, त्याच्या मशीनला नावं ठेवायला. त्याने त्यांना रोज चहा दिला. त्या पातेल्याचं गजाननला माहीत नाही. आज हे वाचून कळेल. गजानन, मला माफ कर असं मी म्हणत नाही, मला ती सवय नाही. पण ते काम तुझं तेव्हाच होतं.

पुढच्या वर्षांत अजितचा महिन्यातून एकदा फोन यायचा, मला. तुम्ही झालात तेव्हा फोटो आले. तुमच्या आजोबांनी ते चष्मा लावून पाहिले, ईशानच्या बोटांवरून अंगठा फिरवला, फोटोतल्या, आणि म्हणाले, "बोटं माझ्यावर गेलीत. डोकं गेलं नसेल तर बरं." ते गेले त्या दिवशी मी अजितला कळवलं. तो म्हणाला, "मी येत नाही. लोकांना तिकीट मिळालं नाही म्हणून सांग." मी सगळ्यांना तसंच सांगितलं. खोटं नीटनेटकं सांगणं मला जमतं.

तेराव्याला सगळे गेल्यावर संध्याकाळी मी त्याला फोन लावला. तिथे तेव्हा सकाळ होती. मी बसून, क्रमाने सांगितलं. पातेलं, फडकं, ताटातल्या ओळी, ऊन, पुन्हा गरम पाणी. माझं झाल्यावर तो म्हणाला, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवसापासून. उरलेले सात गियर मी सोनाराच्या काट्यावर तोलले. पाणी प्यायले असते तर जड झाले असते. उकळायच्या आधीचं वजन माझ्या वहीत होतं. ते जवळजवळ तेवढंच भरलं."

"मग तू बोलला का नाहीस?"

"बाबांकडून मला काही अपेक्षाच नव्हती, आई. तुझ्याकडून होती. तीन महिने व्हिसाची वाट बघत घरात होतो. रोज तू समोर बसून वाढायचीस. मला वाटायचं, आज सांगेल. तू सांगितलं असतंस ना, तर मी नसतो गेलो. काम गेलं असतं तरी नसतो गेलो."

मी म्हटलं, "आता सांगितलं ना."

"आता बाबा नाहीत," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. तुमचे बाबा आवाज चढवत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. "एकाला जाऊ दिलंस आणि दुसरा मरायची वाट बघितलीस." मग मागे तुमच्यापैकी कोणीतरी एक बूट सापडत नाही म्हणून ओरडलं, आणि तो फोन ठेवून तुमचा बूट शोधायला गेला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. ईशान, मीरा, हा लेख बाबांना वाचून दाखवू नका. त्याला तो पाठ आहे.

तुमचे आजोबा चांगले होते का? नव्हते. पण मी तुम्हाला अर्धा लेख लिहून थांबू शकले असते, जिथे सगळं त्यांनीच केलं. तसा लेख पुरवणीला आवडला असता, आणि मला तो लिहायला फार सोपा गेला असता.

हे मी चार दिवस सकाळी बसून लिहिलं. गाळा बंद झाल्यापासून ते दुपारी दीड वाजता गजाननकडून परत यायचे, आणि मी काही लिहीत बसलेली दिसले की कागद उचलून, मान वाकडी करून, माझ्यासारखा आवाज काढून मोठ्याने वाचायचे. पत्र असो, वाण्याची यादी असो. म्हणून मी बेडरूमचं दार लावून लिहायला लागले होते. आत्ता हे शेवटचं पान लिहिताना वर पाहिलं तर दार लावलेलं आहे. आतून कडीसुद्धा घातली आहे, कधी घातली ते आठवत नाही. घरात दुसरं कोणी नाही. एक वाजून वीस मिनिटं झाली आहेत. एवढं लिहून मी उठणार आहे आणि ते उघडणार आहे... अजून उठलेले नाही.